अण्णा, अक्का आणि मधली सीट

कप आधी खाली ठेवा, नंतर म्हणाल मी चहा सांडवला. आणि हसायचं माझ्यावरच आहे, तेव्हा संकोच बिलकुल नको. ऐका तर. मी एका जोडप्याच्या हनिमूनला गेलो होतो. त्यांच्याबरोबर. त्यांच्या मधे बसून!

दचकलात ना? मीही दचकलो. फक्त ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत अख्खा देश ओलांडून झाला होता.

नीट सांगतो. मी वानखेडे, मूळचा नागपूरचा. लग्नाचं विचाराल तर जमता जमता राहिलं, आणि मग राहूनच गेलं. कंपनीनं बेंगळुरूला पाठवलं, तेव्हापासून के. आर. पुरममध्ये एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन राहतोय. खाली मालक राहतात. राव मंडळी. कैक पिढ्या इथंच गेल्या, घरात मराठी बोलतात, पण दर दोन वाक्यांमागे एक कन्नड शब्द येतोच. बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. थोरले ते अण्णा, त्यांच्या मिसेस म्हणजे अक्का, अण्णांच्या आई म्हणजे अज्जी, शिवाय दोन धाकटे भाऊ, जावा, मुलं, शिकायला ठेवलेले भाचे. घरात नक्की माणसं किती, हे मला आजही ठाऊक नाही. मोजायला लागलो की कुणीतरी आंघोळीला गेलेलं असतं.

आणि वर मी एकटा.

म्हणजे किती एकटा? शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत माझं तोंड फक्त जेवायला उघडतं. सोमवारी मीटिंगमध्ये पहिलं 'गुड मॉर्निंग' म्हणताना घशातून असा काही आवाज निघतो की सगळे विचारतात, बरं नाही का? खालून फोडणीचा वास येतो, हसण्याचा आवाज येतो, भांडणाचा आवाज येतो. खोटं कशाला बोलू, मला त्या भांडणाचाही हेवा वाटतो. भांडायला तरी समोर माणूस लागतो ना!

त्यात माझा स्वभाव. मला कुणी काही म्हटलं की ते मी खरं धरतो. बेंगळुरूला नवा होतो तेव्हाची गोष्ट. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज सकाळी विचारायचा, "तिंडी आयता?" म्हणजे नाष्टा झाला का. मला वाटलं, किती काळजी करतो बिचारा! मी उभा राहून सविस्तर सांगायचो, पोहे केले होते, मीठ जरा जास्त झालं, खालून लागले. पाठीमागं गिऱ्हाइकांची रांग. महिन्याभरानं समजलं की ते नुसतं 'काय, कसं काय' आहे. उत्तर 'आयतु' एवढंच द्यायचं आणि पुढं चालायचं.

तरी शिकलो का? नाही.

नवरात्र चालू होतं. खाली अज्जींनी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, बायकांची ये-जा सुरू होती. अशात अण्णा फोन हातात धरून वर आले.

"वानखेडे सर, तुम्ही कंप्युटरवाले. ह्याचं स्वल्प प्रिंट काढून द्या की."

त्यांचं 'स्वल्प' म्हणजे आपलं 'जरा'. बघतो तर विमानाची तिकिटं. बेंगळुरू ते चंदीगड, माणसं दोन.

"काय सांगता अण्णा! कुठं निघाले?"

"हिमाचल. ते बर्फावर पट्ट्या बांधून घसरतात बघा, स्की का काय, तसलं रिसॉर्ट आहे वर डोंगरात. चंदीगडहून गाडी केलीय."

अक्का गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या, त्याही बादली ठेवून थांबल्या. "रस्ता फार छान आहे म्हणतात सर ह्या दिवसांत. आकाश अगदी निळं. देवदाराची झाडं, सफरचंदाच्या बागा…" म्हणाल्या, आणि एकदम गप्प झाल्या.

आम्ही तिघंही क्षणभर गप्प. त्या गप्प राहण्यात कुणीतरी काहीतरी म्हणणं भाग होतं. ते अक्का म्हणाल्या.

"तुम्हीपण चला की सर!"

"हां, चला की," अण्णा म्हणाले. "एकटे काय करता इथं?"

एकटे काय करता इथं! अहो, हे वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. कित्येक वर्षांत मला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं. ऑफिसातली पोरं आपापसात ट्रेकला जातात, परत आल्यावर मला फोटो दाखवतात. आणि आमच्या नागपुरात एकदा 'चल' म्हटलं की संपलं. 'नाही' म्हणणाऱ्याला दंडाला धरून गाडीत कोंबतात. तिथं 'चला की' हे नुसतं म्हणायचंही असतं, हे मला कोण सांगणार?

मी काय केलं असेल?

प्रिंट काढता काढता त्यांचं विमान बघितलं. सीट बघितल्या. अण्णांची कडेची, अक्कांची खिडकीची. मधली रिकामी! मधे कुणी येऊ नये म्हणून ती तशी सोडतात, हे शहाणपण मला कुठलं? मला वाटलं, बघा, माझ्यासाठी जागा धरून ठेवली! डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. मी ती मधली सीट काढली. मग रिसॉर्टला फोन लावला आणि म्हटलं, राव साहेबांच्या शेजारचीच खोली द्या, आम्ही एकत्र आहोत.

वरून हौस बघा. त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, सरप्राइज देऊ.

दसरा झाला. निघायच्या सकाळी फाटकापाशी कॅब उभी. आयुधपूजेला बांधलेली केळीची रोपं अजून बंपरला लटकत होती. अख्खं घर निरोप द्यायला बाहेर. अक्कांनी नवी मोरपंखी साडी नेसली होती, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. अण्णांनी चक्क गॉगल लावला होता. आणि जिन्यावरून मी उतरतोय! अंगावर बर्फात घालायची केशरी पँट, डोक्यावर माकडटोपी, हातात ही मोठी बॅग. के. आर. पुरममध्ये, ऑक्टोबरात, घामानं निथळत.

"अय्यो, सर," अण्णा म्हणाले, "तुम्ही कुठं?"

"तुमच्याबरोबर! येऊन राहिलो ना मी!"

सगळे माझ्या पँटकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीत. धाकटी जाऊ पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, तिला गहिवरून आलं. अण्णांनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला.

शेवटी अक्का हसल्या. ते हसू आज आठवलं की मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतो. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "चला. बरं झालं."

अज्जींनी तेवढ्यात दह्याभाताचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्यांच्याकडे बघा हं स्वल्प. कधी दोघं एकटे गेलेले नाहीत."

"काळजीच सोडा अज्जी," मी म्हटलं. "दोघांना एक मिनिट एकटं सोडणार नाही!"

आणि हा शब्द मी पाळला हो. जन्मात एवढ्या नेटानं कुठला शब्द पाळला नसेल.

विमानात मी मधे. अक्का खिडकीतून खाली बघून म्हणायच्या, "अहो, नदी बघा." अण्णा वाकायचे. त्यांना मी दिसायचो. "कोणती नदी असेल, सर?" असं मग ते मलाच विचारायचे. एकदा अक्कांनी हळूच म्हटलं, "सर, तुम्हाला मधे अवघडत असेल, कडेला बसता का?"

"छे हो! मी अॅडजस्ट करतो. तुम्ही माझी चिंता करू नका."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली.

चंदीगडहून गाडी निघाली, आणि तो रस्ता काय सांगू! डोंगर चढायला लागलो तशी हवा धुतल्यासारखी झाली. घरांच्या छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली, पिवळीजर्द. सफरचंदांची खोकी लादून ट्रक खाली उतरत होते आणि वळणावळणावर तो वास रेंगाळत होता. देवदारांच्या मधून ऊन तिरकं पडायचं. मी एवढा खूश होतो की माझं तोंड बंदच होईना. वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं त्या गाडीत सांडलं. शाळेतले मास्तर, आईच्या हातचे भरडा वडे, ऑफिसातलं राजकारण, काही म्हणता काही सोडलं नाही. ड्रायव्हरशेजारी पुढं अण्णा, मागं अक्का आणि मी. कारण अण्णांना घाटात मळमळतं, आणि मी 'पुढं बसतो' म्हणालो नाही. गप्पा मारायला मागंच बरं पडतं ना!

प्रत्येक वळणावर फोटो. अण्णा-अक्का उभे राहिले की मी ड्रायव्हरच्या हातात फोन द्यायचो, "भैया, तीनों का लो!" आणि पळत जाऊन मधे उभा.

ड्रायव्हर सरदारजी होता. बराच वेळ त्यानं सहन केलं. मग एका चहाच्या टपरीवर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाऊजी, आप इनके क्या लगते हो?"

"किरायेदार."

त्यानं कपातला चहा हलवला. "किरायेदार को भी घुमाने लाते हैं? बेंगळुरूवाले बड़े दिलवाले होते हैं जी."

"बहोत," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

रिसॉर्टवर पोहोचलो. मी गाडीतून उतरलो, केशरी पँट, माकडटोपी, हातमोजे घालून तयार. आणि समोर काय? हिरवागार उतार! बर्फाचं नाव नाही. वर नेणारे पाळणे बंद करून ताडपत्रीनं झाकलेले. उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर करून माझ्या पँटकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"बर्फ कुठंय?" मी विचारलं.

"जनवरी में आना था जी," तिथला माणूस म्हणाला.

"अण्णा, आपल्याला फसवलं हो!"

"नाही सर," अण्णा शांतपणे म्हणाले. "आम्हाला माहीत होतं. मुद्दाम आत्ता आलो. ह्या दिवसांत इथं कुणी नसतं."

"असं कसं कुणी नसतं?" मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "मी आहे ना!"

आता तुम्ही कपाळाला हात लावताय. लावा. त्या वेळी अण्णांनीही लावला होता. मला वाटलं, डोंगर बघायला डोळ्यांवर सावली करतायत.

संध्याकाळी जेवायला गेलो. अख्ख्या रिसॉर्टमध्ये पाहुणे आम्ही तिघंच. जेवणाच्या खोलीत एका कोपऱ्यात टेबल सजवलेलं. मेणबत्ती, गुलाबाच्या पाकळ्या, आणि खुर्च्या दोनच. मधे छोटासा केक. त्यावर पंचविसाचा आकडा.

वेटर वाकून म्हणाला, "शादी की पच्चीसवीं सालगिरह मुबारक, सर, मॅडम." मग माझ्याकडे बघून अडखळला. "और आप… भाईसाहब हैं?"

पलीकडे जेवत बसलेल्या ड्रायव्हरनं तिथूनच सांगितलं, "किरायेदार हैं!"

अहो, त्या क्षणी माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. दोन तिकिटं. मधली रिकामी सीट. मोरपंखी साडी, गजरा, गॉगल. पदर तोंडाला लावून पळालेली जाऊ. सगळं एकदम!

"अक्का," मी कसाबसा म्हणालो, "आधी नाही सांगितलंत."

"त्यात काय सांगायचं, सर," अक्का लाजल्या. "लग्न झालं आणि चार दिवसांत ह्यांनी दुकान उघडलं. ते आत्ता पहिल्यांदा चार दिवस बंद ठेवलं. मधे नणंदा, दीर, मुलं. घरात आमचं दोघांचं बोलणं म्हणजे गॅस संपला आणि दूध आणा. म्हटलं, एकदा तरी…" पुढचं त्यांनी गिळलं, आणि लगेच वेटरला म्हणाल्या, "सरांना खुर्ची आणा की. बसा सर, बसा."

आणि मला पहिल्यांदाच दिसलं की हे 'बसा' म्हणताना त्यांचे डोळे अण्णांकडे होते.

आता शहाण्या माणसानं काय करावं? दोघांना एकटं सोडावं. मी ठरवलं, सोडायचं. पण कारण काय सांगायचं? आयुष्यात कधी खोटं औपचारिक बोललो नव्हतो. तोंडाला येईल ते बोललो.

"मी नाही जेवत. माझं पोट जरा बिघडलंय. तुम्ही सावकाश बसा."

आणि निसटलो. खोलीत येऊन दार लावलं, पलंगावर बसलो आणि म्हटलं, वानखेडे, एक तरी काम धड केलंस.

दारावर थाप!

उघडतो तर अक्का. हातात गरम पाणी आणि ओवा. मागं अण्णा, त्यांच्या मागं ड्रायव्हर.

"अय्यो, उठून कशाला आलात? आडवे व्हा! घाटात मळमळलं असेल. उलटी झाली का?"

"नाही हो अक्का, खरंच काही नाही…"

"गप राहा. परक्या ठिकाणी एकटे पडलात तर कोण बघणार?"

घ्या! मी त्यांचं खरं धरलं, तर त्यांनी माझं खरं धरलं. अण्णांनी ड्रायव्हरला डॉक्टर शोधायला पिटाळलं. अक्कांनी माझ्या बेंबीवर हिंगाचा लेप लावला. माणूस लाजेनं मरत असेल तर मी त्या रात्री मरायला हवा होतो. मी तीनतीनदा म्हटलं, तुम्ही जा, जेवा. पण जों जों म्हणावं तों तों त्यांना वाटे, हा मेला संकोचानं बोलतोय! शेवटी वेटर केक माझ्या खोलीतच घेऊन आला. ओव्याच्या वाटीशेजारी मेणबत्ती लावली. अण्णा-अक्कांनी माझ्या पलंगाच्या कडेवर बसून आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा केक कापला. मला दिला नाही. पोट बिघडलं होतं ना! मला पातळ खिचडी.

एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. अक्का कपाळावर हात ठेवून ताप बघत होत्या, अण्णा पाय दाबू का विचारत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्या बरं वाटण्याचीच शरम वाटत होती. आई गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. म्हटलं, ऑफिसचा फोन आला, जावंच लागतंय.

"राहा की सर," अक्का म्हणाल्या.

"हां, राहा की," अण्णा म्हणाले.

आता मी फसतोय होय? हसून निरोप घेतला आणि खाली जाणारी बस धरली. तीच वळणं, तेच देवदार, तीच छपरांवरची पिवळी कणसं. एका वळणावर दूर बर्फाचं शिखर उघडं पडलं. इतकं लख्ख की मी "अक्का, ते बघा!" म्हणून मान वळवली. शेजारच्या सीटवर सफरचंदाचं खोकं होतं. मग मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघितलंच नाही.

परत आल्यावर खाली जायची हिंमत होईना. चपला हातात घेऊन जिना उतरायचो. अण्णा-अक्का आल्यावर त्यांनी सफरचंदं वर पाठवली, तीही मी दारातूनच घेतली. मला आता अक्कल आली होती. लोक काय म्हणतात आणि त्यांना काय हवं असतं, हे मला बरोबर समजायला लागलं होतं. दिवाळीच्या आधी अक्का जिन्यात भेटल्या.

"पाडव्याला खालीच जेवायचं हं सर."

"हां, या की," अण्णा दुकानाला निघता निघता म्हणाले.

मी मनात हसलो. तोच सूर, तेच 'की'. मीही त्यांच्याच सुरात "हो हो, बघू" म्हटलं. काय शिताफीनं जमलं! वाटलं, झालो बुवा एकदाचा इथला.

पाडव्याच्या दुपारी नूडल्सचं पातेलं गॅसवर ठेवलं. खालून तुपाचा वास येत होता. मी खिडकी लावून घेतली. वर्षभराचा सण आणि पातेल्यात एक पाकीट, पण म्हटलं, निदान कुणाच्या मधे तरी नाही बसलो. खाली एरवी सणाला केवढा गोंगाट असतो, आज मात्र सगळं चिडीचूप होतं. मला वाटलं, जेवून सगळे झोपले असतील.

दार वाजलं. उघडतो तर अज्जी! गुडघ्यांमुळे ज्या बाई वर्षानुवर्षं जिना चढल्या नाहीत, त्या कठड्याला धरून, धापा टाकत उभ्या. मागं पायऱ्यापायऱ्यांवर अण्णा, अक्का, दीर, जावा, पोरं. सगळे उपाशी चेहऱ्यानं माझ्याकडे बघतायत.

अज्जींनी आधी पातेल्यातल्या नूडल्सकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय हो वानखेडे," त्या म्हणाल्या, "नको होतात तिथं विमानानं गेलात! आणि आज पानं वाढून अख्खं घर खोळंबलंय, तर तुम्हाला एक जिना उतरवत नाही?"